मंगळवारी चार ते साडेपाच

इस्फहान, २० मेहर

गोलअंदाम मावशी,

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि ओरडून बोलायची मला इथे सोय नाही, भिंतीपलीकडची माणसं कान टवकारून बसलेली असतात. म्हणून पत्र. आई असती तर तिलाच लिहिलं असतं. ती नाही, तेव्हा तिच्या वाटचंही तूच वाच.

शमीम शाळेत बोलत नाही. घरी तिचं तोंड मिटत नाही हे तुला ठाऊक आहे, बुशहरला तुझ्या अंगणात ती कोंबड्यांनासुद्धा गोष्टी सांगायची. इथे बालवर्गात पाऊल टाकलं की ओठ शिवलेले. तीन आठवडे झाले, एक अक्षर नाही. तहान लागली तरी सांगत नाही, घरी येऊन नळाला तोंड लावते. काल तिच्या बाईंनी मला थांबवून घेतलं. बाई चांगल्या आहेत, पण आडपडदा ठेवला नाही. म्हणाल्या, नवरोजपर्यंत, नव्या वर्षापर्यंत वाट बघते. नवरोजनंतर पहिलीत जाणाऱ्या मुलांची यादी करायची असते, आणि जे मूल बोलतच नाही त्याला तपासणीला पाठवावं लागतं. तिकडे गेलेलं मूल बहुतेक वेगळ्या शाळेतच जातं. मी म्हटलं, माझी मुलगी हुशार आहे हो. त्या म्हणाल्या, असेल, पण ते मला कसं कळणार?

मग त्यांनीच एक उपाय सांगितला. वर्गात रोमीना नावाची मुलगी आहे, शमीम दिवसभर तिच्याकडे टक लावून बघत असते. दोघींना शाळेबाहेर, कुणाच्या तरी घरी, पोटभर खेळू द्या. एकीशी बोलली की बाकीच्यांशी बोलेल.

आणि नशीब बघ, त्याच दुपारी फाटकाशी रोमीनाची आई, फरंगीस खानुम, आपणहून म्हणाली, "एका गुरुवारी या ना आमच्याकडे, घर तुमचंच आहे. तुमची पावलं आमच्या डोळ्यांवर." इतकी गोड बाई आहे. या गुरुवारी तुझ्या जावयाला, ईरजला, कारखान्यात दिवसपाळी आहे, आम्हाला सोडायला कुणी नाही, म्हणून पुढच्या गुरुवारी, २९ला जाते. तू पाठवलेल्या खजुरांचं रंगीनक करून नेणार आहे.

हे झालंच पाहिजे, मावशी. नवरोजपर्यंत माझ्या मुलीला एक मैत्रीण मिळाली पाहिजे. त्यासाठी मला कुणाच्या उंबरठ्यावर बसावं लागलं तरी बसेन.

तुझी सूदाबे


बुशहर, २६ मेहर

सूदी, पोरी, थांब. रंगीनक करायला घेतलं असशील तर तुम्हीच खाऊन टाका, पण जाऊ नकोस.

इराकच्या लढाईच्या वेळी अबादान सोडून आम्ही तीन वर्षं त्या शहरात काढली. तेव्हा तिथली रीत मी तुला शिकवते. आधी सांग, ती बाई किती वेळा 'या' म्हणाली? एकदा म्हणाली असेल तर तो नमस्कार झाला. दोनदा म्हणाली असेल तर जरा लांबलेला नमस्कार. तिने तीनदा म्हणायचं, तू तीनदा 'नको, उगाच तुम्हाला त्रास' म्हणायचं, आणि त्यावर तिने वार सांगितला, वेळ सांगितली, पोरीला काय आवडतं ते विचारलं, तर ते आमंत्रण. आणि 'एका गुरुवारी' म्हणजे कुठला गुरुवार? तसला गुरुवार कुठल्या कॅलेंडरात नसतो.

आपल्याकडेही लोक दारात 'या' म्हणतात. पण आपल्याकडे म्हणतात तेव्हा पातेलं चुलीवर असतं. तिथे शब्द आधी आणि पातेलं जमलं तर मग. त्यांना नावं ठेवत नाही मी, ज्याची त्याची पद्धत. पण तोंडदेखल्या आमंत्रणावर दार वाजवलंस तर तिचीही पंचाईत आणि तुझीही.

शमीमचं वाचून मला घास गोड लागेना. पण घाई करू नकोस. हे पत्र गुरुवारच्या आत पोचावं म्हणून शेजारच्या पोराला आत्ताच टपालात टाकायला धाडते आहे.

तुझी मावशी


इस्फहान, २ आबान

मावशी,

तुझं पत्र काल, शनिवारी आलं. आम्ही गुरुवारी जाऊन आलो.

फरंगीस खानुमने दार उघडलं तेव्हा तिच्या केसांना रंग लावलेला होता आणि डोक्याला प्लास्टिकची पिशवी. अंगात घरातला झगा. क्षणभर तिने मला ओळखलंच नाही, मग रंगीनकाची थाळी बघितली आणि तिचा चेहरा असा पडला की काय सांगू. पण बाई सावरली. "वा, काय आमचं भाग्य, सूर्य कुठून उगवला आज," म्हणत आम्हाला आत घेतलं. मी म्हटलं, तुम्ही कामात दिसता, आम्ही पुन्हा कधी येऊ. म्हणाली, "अशक्य. आता काही खाल्ल्याशिवाय मी तुम्हाला सोडणार नाही." आणि मावशी, मी तेही खरं धरलं. बसले.

मग तिचा नवरा मागच्या जिन्याने हळूच निसटला आणि अर्ध्या तासाने दोन्ही हातांत पिशव्या घेऊन उगवला. तोवर मी एकटी दिवाणखान्यात, समोर त्यांच्या लग्नाचा फोटो. नंतर पाच तऱ्हेची फळं, दोन केक, सुकामेवा, चहा. रोमीनाला घरच्या कपड्यांतून काढून जरीच्या फ्रॉकमध्ये घातलं आणि शमीमशेजारी सोफ्यावर बसवलं. दोघींच्या मांडीवर बशी, बशीत काकडी, संत्रं, सुरी. साडेपाच वर्षांच्या पोरी. शमीमने माझ्याकडे बघितलं, मी दुसरीकडे बघितलं.

पण ऐक. फरंगीस खानुम चहा ओतत होती तेवढ्यात दोघी जेवणाच्या टेबलाखाली गेल्या. दहा मिनिटं तरी होत्या. आणि टेबलाखालून मला शमीमचा आवाज आला. "ही आपली होडी आहे. पाय आत घे, नाहीतर मासे चावतील." रोमीना खिदळली. माझे डोळे भरून आले, मी रुमालाने नाक पुसायचं निमित्त केलं. तेवढ्यात तिच्या आईने "अगं, फ्रॉक चुरगळेल" म्हणत तिला बाहेर ओढलं, आणि संपलं.

आता फाटकाशी फरंगीस खानुम माझ्याशी इतकी सभ्य वागते की अंगावर काटा येतो. हसते, तब्येत विचारते, थांबत नाही. ईरज म्हणतो, तू आपणहून त्यांच्या घरात घुसलीस. घुसले तर घुसले. शमीम बोलली, मावशी, दहा मिनिटं बोलली. मला ती दहा मिनिटं परत हवी आहेत. आता काय करू ते सांग.

सूदाबे


बुशहर, १० आबान

सूदी,

झालं ते झालं. तिची तयारी नसताना तू तिला गाठलंस, ती लाजली आहे, रागावलेली नाही. लाजलेल्या माणसावर उपाय एकच, त्याला आपल्या घरी बोलवायचं आणि असं वाढायचं की त्या दिवसाची आठवण धुऊन निघाली पाहिजे.

आता नीट कर. तीनदा बोलव. वार सांग. तिच्या नवऱ्यालाही सांग. सुकी कोळंबी, चिंच आणि मेथी बसवाल्याबरोबर पाठवली आहे, खालच्या कप्प्यात तुझं नाव लिहिलेला डबा आहे. आपलं माशाचं आंबट कालवण, कलिये माही कर, माझ्यासारखी, चिंच सढळ हाताने. शिवाय दोन भात, एक कोंबडी, सांबोसे, रंगीनक. इस्फहानच्या बायकांना कळू दे दक्षिणेचा हात कसा असतो ते. आपल्या घराण्यातून पाहुणा नुसत्या चहावर कधी परत गेलेला नाही, तुझ्या आजीने पुराच्या वर्षीसुद्धा जाऊ दिला नाही.

आणि पोरीला नवा फ्रॉक शिव. चार लोकांत बरं दिसतं.

मावशी


इस्फहान, २९ आबान

मावशी,

तुझ्या शब्दाबाहेर गेले नाही. तीन दिवस स्वयंपाकघरातून हललेच नाही. तीनदा बोलावलं, तिने तीनदा नको म्हटलं, चौथ्यांदा हो म्हणाली आणि वर विचारलं, वर्गातल्या अजून तिघींच्या आया माझ्या जवळच्या आहेत, त्यांना वाईट वाटेल, आणू का? मी काय म्हणणार. चार आया, शमीम धरून पाच पोरी, परवा गुरुवारी आल्या.

कलिये माही फस्त झाली. चिंच कुठली, मेथी किती, सगळं विचारून घेतलं. तुझं नाव सांगितलं, खूश हो. जेवता जेवता त्यांची पोरं काय काय शिकतात ते कळलं. एक पोहायला जाते, एक पियानोला, एक इंग्रजीला आणि पियानोला. शमीम काय शिकते, असं विचारलं. मी म्हटलं, कणीक मळायला. हसल्या, पण एकमेकींकडे बघून.

शमीम छान बसली होती. फ्रॉक तिला शोभला.

आता माझं ऐक. जेवण झाल्यावर चौघी म्हणाल्या, आता आमची पाळी. पण माझ्याकडचं ताट बघून कुणाचा धीर होत नाही. फरंगीस खानुमचा गालिचा धुवायला गेलाय, तो आला की सोफ्याला नवी कव्हरं घालायची, मग बोलवीन म्हणते. दुसरीला नवे कप घ्यायचे आहेत. तिसरीच्या सासूबाई आल्या आहेत, त्या गेल्या की. आयांचा मोबाईलवर एक गट आहे, त्यात मला रोज फुलांची चित्रं येतात आणि "तुमचे उपकार कसे फेडू" असं येतं. वार कुणी सांगत नाही. मी केलेल्या त्या जेवणाने पोरींमध्ये भिंतच उभी केली, मावशी. नवरोजला चार महिने उरलेत.

सूदाबे


इस्फहान, १७ आजर

मावशी,

तुझी चिठ्ठी मिळाली. आता पाळी त्यांची आहे, तू गप्प बस, असं म्हणतेस. दोन आठवडे बसले. आता नाही बसवत.

मी विचार केला. पोरींना काय लागतं? एक टेबल, टेबलाखाली जागा, आणि आपण दुसऱ्या खोलीत असणं. मग एवढा पसारा कुणासाठी? आपल्यासाठी. म्हणून गेल्या शनिवारी शाळा सुटताना फाटकाशी सगळ्या जमल्या होत्या, तिथे मी सरळ सांगून टाकलं. "दर मंगळवारी चार ते साडेपाच मुलींना माझ्याकडे सोडा. खायला नान, पनीर, पुदिना आणि चहा, दुसरं काही नाही. मळले तरी चालतील असे कपडे घाला. तुम्ही थांबायची गरज नाही, आणि मला परत बोलवायचीही गरज नाही."

मग पियानोवालीची आई माझ्या दंडाला हात लावून हळूच म्हणाली, घरी काही अडचण आहे का, ईरज आगांची नोकरी ठीक आहे ना? दुसरीने मोबाईलवरच्या गटात लिहिलं की काही लोकांना पाहुण्यांची किंमत नसते. मला चिक्कू ठरवलं, मावशी. सगळा इराण इस्फहानच्या माणसांच्या चिक्कूपणाच्या गोष्टी सांगतो, आणि इस्फहानच्या बायकांना चिक्कू कोण सापडली, तर बुशहरची सूदाबे. ईरज दोन दिवस हसतोय.

काल पहिला मंगळवार होता. शमीमने पाच बशा मांडल्या. साडेपाचपर्यंत कुणी आलं नाही. मग आम्ही दोघींनी खाल्लं, तिने उरलेल्या बशा एकेक करून परत फडताळात ठेवल्या, आणि विचारलंही नाही.

पुढच्या मंगळवारी पुन्हा मांडणार आहे.

सूदाबे


बुशहर, २५ आजर

सूदाबे,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, म्हटलं डोळेही गेले की काय कानांच्या मागोमाग.

पाहुण्याला नान आणि पनीर? वर भर रस्त्यात जाहीर करून? ते लोक तुला चिक्कू म्हणतात, बरोबर म्हणतात. तू बुशहरहून काय घेऊन गेलीस तिकडे? माझी बहीण, तुझी आई, ताप असताना उठून पाहुण्यांसाठी मासे तळायची. तिची मुलगी लोकांच्या लेकरांना बोलावते आणि पुढ्यात गवत टाकते. मी इथे कुणाला सांगितलेलं नाही. सांगायची सोयच नाही.

पोरगी बोलेल तेव्हा बोलेल. पण घराण्याचं नाव एकदा गेलं की येत नाही. ते मंगळवारचं खूळ डोक्यातून काढ, फरंगीस खानुमकडे जाऊन माफी माग, म्हणावं गंमत केली, आणि एक चांगलं जेवण घाल. सामान मी पाठवते.

गोलअंदाम


इस्फहान, ४ दे

मावशी,

मी माफी मागणार नाही आणि सामान पाठवू नकोस.

त्या गुरुवारी शमीम छान बसली होती असं मी लिहिलं, ते खोटं होतं. तिने न्हाणीघरात जाऊन आतून कडी लावली आणि तासभर बाहेर आली नाही. मी बाहेर सांबोसे वाढत होते, सगळ्यांना सांगत होते, जरा लाजाळू आहे. पाहुणे गेल्यावर तिने कडी काढली. फ्रॉक ओला होता. संडास तिथेच होता, तरी फ्रॉक ओला होता, कारण तुझ्या आणि माझ्या हौसेचे मागचे हूक तिला काढता येईनात आणि हाक मारायची तर बाहेर लोक होते. ती हाक मारू शकली नाही, मावशी. स्वतःच्या घरात, स्वतःच्या आईला.

तुला घराण्याचं नाव दिसतं. मला ती कडी दिसते. तू तिथे बसून शहाणपण शिकवू नकोस, तुझं मूल या शहरात मुकं झालेलं नाही.

तीन मंगळवार झाले. कुणी आलं नाही. चौथा येतोच आहे.

सूदाबे


बुशहर, ५ बहमन

सूदी,

महिना झाला. मी लिहिलं नाही आणि तूही लिहिलं नाहीस. रागावले होते म्हणून नव्हे. तुझ्या पत्रातलं एक वाक्य मला दिवसभर पुरायचं, आणि दुसऱ्या दिवशी परत पुरायचं.

तू लिहिलंस, माझं मूल त्या शहरात मुकं झालेलं नाही. बाई, झालं होतं.

अबादानहून आम्ही निघालो तेव्हा फरामर्ज सहा वर्षांचा होता. इस्फहानला आम्हाला एका शाळेत एक खोली मिळाली, मध्ये पडदा, पलीकडे दुसरं कुटुंब. तुझे काका परत आघाडीमागे तेलाच्या कामावर गेलेले. माझ्याकडे नान होता, सरकारी पनीर होतं आणि चहा होता. बाकी काही नव्हतं. गल्लीतली पोरं फरामर्जला हाक मारायला पडद्यापर्यंत यायची. मी त्यांना दारातूनच परत पाठवायची. म्हणायची, तो झोपलाय, तो आजारी आहे, तो अभ्यास करतोय. कारण पोर आत आलं की त्याच्या हातावर काहीतरी ठेवायला हवं, आणि नान-पनीर ठेवायची मला लाज वाटत होती. गोलअंदामच्या घरात आणि नान-पनीर! काही दिवसांनी पोरं यायची थांबली. फरामर्ज माझ्याकडे बघायचा, मग तेही सोडून दिलं. तीन वर्षांत त्या खोलीत एकही मूल खेळलं नाही. परत आल्यावर सगळ्यांनी विचारलं, पोरगा इतका मुका कसा झाला. मी सांगितलं, बाँबच्या आवाजाने. तू लहानपणापासून हेच ऐकत आलीस. सगळं घराणं हेच ऐकत आलं.

बाँबने नव्हे. माझ्या लाजेने. आता तो पंचेचाळीसचा आहे, जहाजावर असतो, सुटीवर आला की समोर बसतो, मी बोलते, तो मान हलवतो. मला ऐकू येत नाही म्हणून बोलत नाही असं मी लोकांना सांगते.

तुझ्या नान-पनीराला मी गवत म्हटलं. तोंडात माती पडो माझ्या. तू मांड. कुणी येवो न येवो, दर मंगळवारी मांड. लोक चिक्कू म्हणू देत. मी इथे आता सगळ्यांना सांगते आहे की माझी भाची पाहुण्यांना नान आणि पनीर वाढते, आणि ज्याला नाक मुरडायचं त्याने माझ्यासमोर मुरडावं.

तुझी मावशी


इस्फहान, २० बहमन

माझ्या मावशी,

तुझं पत्र मी ईरजलाही वाचू दिलं नाही. ते माझ्याजवळच राहील. त्यावर काय लिहू ते मला कळत नाही. मागच्या पत्रात मी तुला फार लागेल असं बोलले, त्याची माफी मात्र मागते. दुसऱ्या कशाची मागणार नव्हते, ही मागते.

आता ऐक. आज शमीमने वर्गात पाणी मागितलं. "बाई, मला पाणी हवं." बाई स्वतः फाटकापर्यंत सांगायला आल्या, त्यांच्या हातात अजून खडू होता. कसं झालं ते सांगते.

काल दहावा मंगळवार. साडेतीनलाच बेल वाजली. दारात फरंगीस खानुम, ओढणी तिरकी, हातात गाडीची किल्ली, मागे रोमीना. तब्येत कशी, ईरज आगा कसे, घरचे कसे, काही नाही. म्हणाली, "आई पडली. नवरा गावाला गेलाय. हिला ठेवता का? मला किती वाजतील माहीत नाही."

मी म्हटलं, "ठेवते."

इतक्या महिन्यांत त्या बाईशी माझं झालेलं हे पहिलं खरं बोलणं. ती पळालीच. रोमीनाच्या विजारीला गुडघ्यावर भोक होतं आणि डोळे रडून लाल. मी दोघींच्या पुढ्यात नान-पनीर ठेवलं. रोमीना म्हणाली, नको काकू, मी खाऊन आले. शिकवलेली पोर आहे, मी अजून दोनदा विचारावं म्हणून वाट बघत बसली. मी विचारणारच होते, तर शमीमने तिच्या हातात घास दिला आणि म्हणाली, "भूक लागलीय तर खा की." रोमीनाने तीन नान खाल्ले. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले, म्हणजे माझं रडणं कुणाला ऐकू जायला नको.

मग त्यांनी दवाखाना मांडला. रोमीना आजी झाली, शमीम डॉक्टर. माझ्या होत्या नव्हत्या तेवढ्या ओढण्या बाहेर निघाल्या. डॉक्टर सारखी ओरडत होती, हलू नका, मोडलेलं हाड आहे, तुम्ही किती खोडकर म्हातारी आहात. भिंतीपलीकडच्यांनी पोटभर ऐकलं असेल. ऐकू दे.

पावणेसातला फरंगीस खानुम परत आली. आईच्या खुब्याला बारीक चीर आहे, शस्त्रक्रिया लागणार नाही. तिचा चेहरा पार उतरला होता. तरी दारात उभी राहून सुरू झालीच, तुम्हाला किती त्रास दिला, हे उपकार मी कसे फेडू, मला तोंड दाखवायला जागा नाही, रोमीना, चल, बूट घाल, लवकर.

शमीम आतून आली. हातात माझी निळी ओढणी, अर्धी गुंडाळलेली. ती सरळ फरंगीस खानुमच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली आणि मान वर करून खणखणीत आवाजात म्हणाली, "नाही. ती आत्ता येणार नाही. पट्टी अर्धीच झालीय."

मावशी, या शहरात मोठी माणसंसुद्धा एकमेकांना तोंडावर नाही म्हणत नाहीत. मी तिला रागवायला हवं होतं. निदान "अगं" तरी म्हणायला हवं होतं. फरंगीस खानुम माझ्याकडे बघत होती, मी बोलावं म्हणून. त्या मुलीचा आवाज तिने आयुष्यात पहिल्यांदा ऐकला होता. मी दारातून बाजूला झाले.

तिने किल्ली पर्समध्ये टाकली. वाकून बूट काढले, भिंतीला लावून नीट ठेवले. मग आत येऊन चटईवर बसली आणि म्हणाली,

"नान उरलाय का? मी सकाळपासून काही खाल्लेलं नाही."

तुझी सूदाबे